दोरीला लागलेला हात

जावई बोटीच्या कठड्यावर ओणवा होऊन सकाळचा चहा समुद्राला परत करत होता, आणि चहापाठोपाठ तोही जाऊ नये म्हणून तांडेलाने त्याचा कमरेचा पट्टा मागून घट्ट धरून ठेवला होता. तांडेलाचा दुसरा हात सुकाणूवर होता. बोट लहान असल्याने हे जमत होतं.

"येऊ द्या," तांडेल म्हणाला. "लाजायचं नाही. समुद्राने याहून वाईट पाहिलंय."

जावई लाजत नव्हता. लाजायला पोटात काहीतरी शिल्लक असावं लागतं. तो फक्त विचार करत होता की आपण या बोटीवर बायकोच्या सांगण्यावरून आलो आहोत, आणि काम अजून सुरूही झालेलं नाही.

काम तसं एका शब्दाचं होतं. त्याचे सासरे दातांचे डॉक्टर होते. दवाखाना बंद करून त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण वर्षातून एकदा ही बोट ठरवून मार्लिन धरायला जाण्याचं त्यांनी बंद केलं नव्हतं. मार्लिन म्हणजे माणसाहून लांब, भाल्यासारख्या तोंडाचा मासा. डॉक्टरांनी उभ्या आयुष्यात ज्या दाताला चिमटा लावला तो बाहेर आला. हा मासा तेवढा आला नव्हता. मध्यंतरी त्यांच्या छातीत दुखून गेलं. तेव्हापासून त्यांच्या मुलीने नवऱ्याच्या मागे टुमणं लावलं होतं, की या खेपेला तुम्ही बरोबर जा आणि बाबांच्या तोंडून 'पुरे' हा शब्द काढूनच या. नाही काढलात तर घरी येऊ नका, असं काही ती म्हणाली नव्हती. पण निघताना तिने दाराची कडी ज्या तऱ्हेने घातली, त्यावरून अर्थ लागत होता.

पोट रिकामं झालं तशी तांडेलाने पकड सैल केली, पण सोडली नाही. मग मागच्या बाजूला, खुर्चीत डुलक्या घेत बसलेल्या डॉक्टरांकडे एकदा बघून तो हलक्या आवाजात बोलू लागला. आपले गुडघे गेले आहेत, पाण्यावरच्या तिरिपीने डोळे दिवसभर झोंबतात. धक्क्यावरच्या बर्फाच्या कारखान्यात मेहुण्याने फाटकावरची बसून करायची नोकरी केव्हाची ठरवून ठेवली आहे. बाकीची गिऱ्हाइकं आपण कधीच दुसऱ्या बोटवाल्यांकडे वळवली. राहिले एकटे डॉक्टर.

"त्यांचा जीव आहे हो यात," तांडेल म्हणाला. "मासा मिळायच्या आधी मी कसा सांगू, की मी चाललो? एक मार्लिन झाला की सुटलो. तुम्ही बोलू नका कुठे."

जावयाने मान हलवली. त्याला बोलायचं नव्हतं. बोलायला तोंड उघडण्याचीच त्याला भीती वाटत होती.

ऊन चढल्यावर तो कठड्याला धरत धरत सासऱ्यांपाशी जाऊन बसला. डॉक्टरांनी त्याला कोरडं बिस्कीट दिलं आणि एखाद्या पेशंटला 'थोडं दुखेल' म्हणावं तशा सुरात विचारलं, की मुलीने काय सांगून पाठवलंय. जावयाने सांगून टाकलं. डॉक्टरांनी पाण्यात मागे ओढल्या जाणाऱ्या आमिषाकडे नजर वळवली.

मग म्हणाले, की कंटाळा तर आपल्याला केव्हाच आला. पाठ धरते, डोकं दुखतं, मासा नावाचा प्राणी ताटात आला तरी नको वाटतो. पण तांडेल दर वर्षी आपल्यासाठी बोट रंगवतो. सकाळी आपल्याला धक्क्यावर बघून त्याचा चेहरा खुलतो. त्याला दुसरं गिऱ्हाईक राहिलेलं दिसत नाही.

"मी बंद केलं तर त्या माणसाने काय करायचं?" डॉक्टर म्हणाले. "एकदा मासा मिळाला, की मग निमित्त संपलं. मग त्यालाही लागणार नाही. हे आपल्या दोघांत ठेवा, जावईबापू."

जावयाने बिस्कीट हातात तसंच धरलं. तो एका मोठ्या कचेरीत तक्रार विभागात होता. दोन्ही बाजूंचं नीट ऐकून घ्यायचं आणि कुणालाच काही कळू द्यायचं नाही, यावर त्याला दोनदा बढती मिळाली होती. पण हे प्रकरण त्याच्या अनुभवातलं नव्हतं. इथे दोन्ही पक्षांची मागणी एकच होती. भीड भिकेची बहीण म्हणतात; इथे ती बहीण वर्षानुवर्षं बोट भाड्याने घेऊन समुद्रात फिरत होती.

एका वाक्यात सगळं मिटलं असतं. ते वाक्य त्याच्या जिभेवर आलंही. मग त्याला दिसलं, की ते ऐकून डॉक्टर तांडेलाकडे बघतील आणि तांडेल डॉक्टरांकडे, आणि दोघांनाही कळेल की समोरचा इतकी वर्षं आपली कीव करत होता. सकाळी धक्क्यावर खुललेले चेहरे मग मागे जाऊन एकेक पुसावे लागतील. त्याने वाक्य बिस्किटाबरोबर गिळलं. बिस्कीट तरी पोटात राहिलं.

मासा लागला तेव्हा कुणाचंच लक्ष नव्हतं. रीळ किंचाळलं, काठी कमानीसारखी वाकली, आणि लांबवर पाण्यातून एक निळा-काळा देह अख्खा बाहेर येऊन आडवा आपटला. तिघेही त्याच्याकडे, दारात अवेळी पाहुणा उभा राहावा तसे बघत राहिले.

मग तांडेलाने डॉक्टरांना खुर्चीला पट्ट्याने बांधलं आणि जावयाला खुर्चीमागे उभं केलं. मासा जिकडे जाईल तिकडे खुर्चीचं तोंड फिरवायचं, एवढंच त्याचं काम. काठीला हात लावायचा नाही. दुसऱ्या कुणाचा हात काठीला लागला, की तो मासा धरला असं मानत नाहीत, हा या खेळाचा कायदा. आणि गळाजवळच्या जाड दोरीला तांडेलाचा हात लागला, की मासा धरला. मग तो सोडून दिला तरी चालतो. डॉक्टर आणि तांडेल दोघेही हा कायदा सोवळ्यासारखा पाळत.

जावयाने कचेरीत खुर्च्या फिरताना खूप पाहिल्या होत्या; स्वतः फिरवायची ही पहिलीच वेळ. डॉक्टर काठी वर उचलत, खाली आणताना रीळ गुंडाळत, आणि हातभर दोरी आली की मासा दोन हात घेऊन जाई. ऊन डोक्यावरून खांद्यावर उतरलं. डॉक्टरांची मान मागून पांढरी पडत चालली. त्यांचा श्वास, जुनं कपाट सरकवावं तसा येत होता.

"बाबा, पुरे," जावई त्यांच्या कानाशी म्हणाला. तो शब्द आपण बोलायचा नव्हता, हे त्याला बोलल्यावर आठवलं.

"आज सुटता कामा नये," डॉक्टर पुटपुटले. "नाहीतर पुढच्या वर्षी परत यावं लागेल."

तांडेल सुकाणूवरून सारखा वळून बघत होता. त्याचे ओठ हलत होते. तो देवाला काय सांगत होता, ते जावयाला न ऐकताही पाठ होतं.

दिवस कलला तेव्हा मासा थकला, की त्याला डॉक्टरांची दया आली, कोण जाणे. तो वर आला, कुशीवर वळला आणि बोटीच्या मागच्या कठड्यापाशी हळूहळू येऊ लागला. त्याचा एक डोळा दिसत होता. त्या डोळ्यातही कंटाळाच होता. तांडेलाने इंजिन मोकळं सोडलं, हातमोजे चढवले आणि कठड्यावरून कमरेपर्यंत खाली वाकला. डॉक्टरांनी शेवटचं एकदा रीळ फिरवलं. जाड दोरी पाण्याबाहेर आली.

माशाने डोकं झटकलं. एकदाच, शिंक यावी तसं. काठी सरळ झाली.

डॉक्टर खुर्चीत बांधलेले होते. त्यांना तांडेलाच्या पाठीपलीकडचं काही दिसणं शक्य नव्हतं. जावई उभा होता. त्याने पाहिलं. तांडेलाची बोटं आणि दोरी यांच्यामध्ये वीतभर हवा होती, आणि मग दोरी नव्हतीच.

तांडेल तसाच वाकून राहिला. बोटीखाली पाणी चुबुक चुबुक करत होतं.

"लागला," तो खाली बघतच म्हणाला.

डॉक्टरांनी पट्ट्यातून मान पुढे काढली.

"हात लागला, डॉक्टर. दोरीला. मग सुटला तो."

"नीट लागला?"

"नीट लागला."

डॉक्टरांनी काठी मांडीवर आडवी घेतली. त्यांनी मान वळवून वर, जावयाकडे बघितलं. तांडेल अजून वळला नव्हता, पण त्याची मान ताठ झाली होती.

"तुम्ही उभे होतात, जावईबापू," डॉक्टर म्हणाले.

सबंध नोकरीत त्याने सरळ प्रश्नाला सरळ उत्तर दिलं नव्हतं.

"लागला," जावई म्हणाला. "मी पाहिला. एक वेढा घेतला होता त्यांनी हाताभोवती."

वेढा जरा जास्त झाला, हे त्याला लगेच कळलं. पण डॉक्टरांनी डोळे मिटून मान डोलावली, जणू त्या वेढ्यावाचूनच इतका वेळ अडलं होतं.

"मग झालं," ते म्हणाले. "पुरे."

"पुरे, डॉक्टर," तांडेल म्हणाला.

तो सरळ झाला, वळला, आणि गुडघे सांभाळत खुर्चीच्या पायाशी फळीवर बसला. त्याने मोजे काढले नाहीत. डॉक्टरांनीही पट्टा सोडायला सांगितलं नाही. दोघे मागे, काहीच नसलेल्या पाण्याकडे बघत राहिले.

"मोठा होता," थोड्या वेळाने डॉक्टर म्हणाले.

"खूपच मोठा होता," तांडेल म्हणाला.

दोघांपैकी कुणी उठण्याचं चिन्ह दिसेना. बोट आपोआप आडवी वळू लागली. जावई कठड्याला धरत सुकाणूपाशी गेला, आणि किनारा कोणत्या बाजूला आहे असं त्याने विचारलं. तांडेलाने मागे न बघता हात वर करून दिशा दाखवली.