एकटीनं उतरवलेलं विमान

कॅप्टन बिरजू मडावी आलापल्लीचे, वनरक्षकाचा मुलगा. त्यांच्या शेजारी सहवैमानिक म्हणून बसणारी तहसीन शेख बल्लारपूरची. तिथं तिच्या अब्बांचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. हैदराबादहून नागपूरला येताना खाली जंगल लागलं की दोघं आपसूक गावच्या बोलीवर यायची.

त्या दिवशी नागपूर जवळ आलं तेव्हा विमान तहसीनच्या हाती होतं. सात हजार फुटांपर्यंतच खाली या, असं विमानतळावरच्या कंट्रोलनं सांगितलं. तिनं चुकून ऑटोपायलटवर चार हजारांचा आकडा लावला. खालून दुसरं विमान वर चढत होतं. मडावींनी न बोलता त्या आकड्यावर बोट टेकवलं, तिनं तो लगेच सुधारला. थोड्याच वेळात त्यांची मान पुढं कलंडली. केबिनमधल्या दोन हवाईसुंदरींनी त्यांना पट्ट्यानं खुर्चीला आवळून धरलं आणि तहसीननं विमान उतरवलं. मडावी वाचले, पण मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्यांचं उडणं कायमचं संपलं.

तहसीनचे सत्कार झाले. विमान कंपनीनं तिच्यावर व्हिडिओ काढला. त्यात ती हसून म्हणाली होती, "मी एकटीनं उतरवलं. विमानच इतकं हुशार आहे की एक माणूस पुरतो." चार हजारांचं कुणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

वर्षभरानं कंपनी म्हणू लागली, कॉकपिटमध्ये दोन वैमानिक कशाला, एक पुरे. वैमानिकांच्या संघटनेनं विरोध केला. दिल्लीला बैठक भरली, संघटनेकडून तहसीनही गेली होती. तिथं कंपनीच्या अधिकाऱ्यानं तहसीनचाच व्हिडिओ लावला. संघटनेचे जुने कॅप्टन मागं वळून तिच्याकडे बघत राहिले. जेवायला न थांबता ती बाहेर पडली.

पुढच्या सुट्टीत ती आलापल्लीला गेली. मडावी अंगणात बसले होते. डावा हात मांडीवर तसाच पडलेला. त्यांच्या बायकोनं, कमळाबाईंनी, चहा ठेवला. तहसीननं चार हजारांच्या आकड्यापासून बैठकीपर्यंत सगळं सांगून टाकलं.

मडावींना त्या दिवसाचं काहीच आठवत नव्हतं. आकड्यावर बोट आपणच टेकवलं होतं, हे त्यांना आता कळलं. मग म्हणाले, "मले वाटे, त्या दिवशी मी विमानात नुसतं ओझं होतो. तो व्हिडिओ पाह्यला, तवापासून हेच वाटून राह्यलं होतं."

असं काही तहसीनच्या मनातही आलं नव्हतं. आपण फक्त एक चूक लपवली, एवढंच ती धरून चालली होती.

"काऊन नाई सांगतलं मंग, बाई?" कमळाबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज चढला नव्हता.

"मले सांगून काय होते?" मडावी म्हणाले. "मी तं आता उडत नाई. ज्याइनं तो व्हिडिओ दाखवला, त्याइले सांग."

पुढच्या बैठकीत तिनं उभं राहून चार हजारांचं आणि मडावींच्या बोटाचं सांगितलं. कंपनीनं व्हिडिओ काढून टाकला, तिची चौकशी लावली, काही महिने उडण्यावरून काढून पुन्हा प्रशिक्षणाला धाडलं. कॅप्टन होणं लांबलं. तो अधिकारी म्हणाला, एका चुकीनं काही सिद्ध होत नाही, यंत्रानं इशारा दिलाच असता. दिलाही असता, तहसीनला ते खोडता आलं नाही. कॉकपिटमध्ये एक वैमानिक की दोन, हा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला.

झालेलं कळवायला तिनं आलापल्लीला फोन लावला. कमळाबाईंनी उचलला. ते घरी नाहीत, म्हणाल्या. चौकात चहाच्या टपरीवर बसलेत, लोकांना विमानाच्या गोष्टी सांगत. ती येऊन गेली तेव्हापासून, आजारपणानंतर पहिल्यांदाच, आपणहून घराबाहेर पडायला लागलेत.

तहसीननं बरं म्हणून फोन ठेवला. तिला हलकं वाटायला हवं होतं. पण तिच्या मनात एवढंच येत राहिलं की, ती आधी बोलली असती, तर मडावी त्या टपरीवर वर्षभरापूर्वीच जाऊन बसले असते.