ओंजळभर कोंडा

"मरीऽ, बा इल्ली!" शेजारच्या धनलक्ष्मीनं दारातूनच पोरीला 'इकडं ये' म्हणून साद घातली आणि गोदूबाईनं नातीला परत पदराआड घेतलं.

आता कन्नडात मरी म्हणजे पिल्लू, कोकरू. लेकराला लाडानं म्हणत्यात. प्रतिमानं आईला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. पण गोदूबाई साताऱ्याकडची. तिकडं मरी म्हणजे पटकीची साथ, घरंच्या घरं बसवणारी. आणि प्रतिमाची पहिली पोर पाळण्यातच गेलेली. डोक्याला कळून काय उपयोग?

"तिला सांग, चिमणी म्हण."

"सांगितलं गं. जरा वेळ आठवतं, मग तेच तोंडात येतं. पोरं, वासरं, मांजरं, सगळ्यांना मरीच म्हणती ती."

"मग पोर तिच्याकडं ठेवू नगंस."

"अन् कुठं ठेवू? उद्या तू गावाला, मी कारखान्यात. शिलाई मशिनीला झोळी बांधू?"

गोदूबाई उठली, बसली, कानडी मुलखातल्या आनेकलच्या त्या वीतभर खोलीत धुतलेली भांडी परत धुतली. पोर मात्र धनलक्ष्मीचा आवाज आला की हातपाय झाडून हसायची. तेच जास्त खुपायचं.

सकाळी पिशवी भरून झाली. गोदूबाईनं एकदम पोर उचलली आणि तरातरा धनलक्ष्मीच्या गोठ्यात. मागनं प्रतिमा, केस अर्धे विंचरलेले.

गोदूबाईनं पोर धनलक्ष्मीच्या पदरात घातली आणि प्रतिमाला म्हणाली, "हिला सांग, पोर विकली. गाईचा कोंडा दे म्हणावं, ओंजळभर."

प्रतिमाला झटक्यात उमगलं. पहिलं लेकरू जगलं नाही की दुसरं शेजारणीला कोंड्यावर विकायचं. मग ते आपलं राहत नाही, आपल्या घरावर टपलेलं त्याला वळखत नाही. तिचा कोंडिबामामा असाच विकलेला. सत्तरी गाठली, अजून बिड्या फुकतोय.

धनलक्ष्मी आधी हसली. प्रतिमानं सगळं सांगितल्यावर उठली. पोर काखेला मारून तिनं पाटीतला कोंडा काढला.

"इष्टु साका, अम्मा?"

"एवढा पुरे का विचारती," प्रतिमा म्हणाली.

"बास." गोदूबाईनं कोंडा पदराला बांधला. "पोर आता तुझी. तुझ्या घरात जे म्हणत्यात ते म्हण."

"पोर परत कधी नेणार म्हणती," प्रतिमानं सांगितलं.

"लग्नात, कोंडा परत देऊन. तवर तो माझ्याकडं."

गोदूबाई बसच्या वाटेला लागली. मागनं गोठ्यातून हाक आली, "मरीऽ!" तिनं पदराची गाठ घट्ट धरली आणि मागं न बघता चालत राहिली.