दाराच्या फळीवरचे हत्ती

"आज कोन जिंकलं जी? तुमी, का तुमीच?"

आशाबाईंनी चहाचा कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. टेबलावर जागा नव्हतीच. टेबल म्हणजे जुन्या दाराची सागवानी फळी, दोन लाकडी घडवंच्यांवर टेकवलेली. तिच्यावर एक नदी होती, करवतीचा भुसा हिरवा रंगवून केलेलं जंगल होतं, नदीच्या पलीकडे गवताने शाकारलेल्या झोपड्यांची वाडी होती आणि दोन्ही काठांवर इंचभर उंचीचे शिशाचे सैनिक उभे होते.

गुणवंतराव अलीकडच्या खुर्चीवरून उठले, फळीला वळसा घालून पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसले.

"अजून ठरलं नाही," ते म्हणाले.

"ठरन कसं? इकडची अक्कल तिकडं घेऊन जाता."

आशाबाई हसत आत गेल्या. टोमणा खरा होता. कोणतीही चाल करायची झाली की ती समोरच्याला आधीच ठाऊक असायची, कारण समोरचा तेच होते. धानोऱ्याच्या कॉलेजात ग्रंथपाल असताना त्यांना टेबलावर जुन्या लढाया खेळायच्या या खेळाचं एक इंग्रजी नियमपुस्तक मिळालं होतं. तेव्हापासून पोस्टाने थोडे थोडे सैनिक मागवायचे, तीन केसांच्या कुंचल्याने रंगवायचे, बांबूची काडी तासून त्यांच्या हातात भाला द्यायचा, असं चाललं होतं. एकदा नागपुरात काही तरुण मुलं हाच खेळ खेळतात असं कळलं, म्हणून ते गेले होते. दाराशी उभे राहिले, आतल्या हसण्या-बोलण्याचा आवाज ऐकला आणि दुपारच्या गाडीने परत आले. आशाबाईंना त्यांनी सांगितलं की पत्ता सापडला नाही.

त्यांची लढाई वाकाटकांची आणि नळांची. दीड हजार वर्षांपूर्वी बस्तरकडच्या नळ घराण्याच्या राजाने विदर्भातल्या वाकाटकांना हरवलं होतं एवढं ताम्रपटांवरून कळतं. तो कुठल्या वाटेने आला ते कळत नाही. इथूनच, या जंगलातून, आला असेल असं गुणवंतरावांना वाटे. पण वाटणं वेगळं आणि असणं वेगळं, म्हणून ते कुणाला सांगत नसत. हत्तींवरच्या झुलींचा तांबडा रंगही त्यांनी मनानेच ठरवला होता, आणि तो चुकला असेल या विचाराने अधूनमधून त्यांची झोप उडे.

त्या संध्याकाळी शेजारची साधना आली. ती ग्रामीण रुग्णालयात नर्स होती.

"काकाजी, बाबाले दुपारचं तुमच्या इथी बसू द्यान का? माही ड्युटी रायते. घरी एकटे भिताडाकडं पाह्यत बसते. तुमाले तरास नाई देणार. बोलतच नाई ना कोनाशी."

साधनाच्या वडिलांचं, सोमाजींचं, काय झालं होतं ते सगळ्या धानोऱ्याला माहीत होतं. मागच्या धानकापणीत रानहत्तींचा कळप मुरूमगावच्या रस्त्यावरच्या त्यांच्या शेतात शिरला. शेतातलं घर मोडलं. सोमाजी एका बाजूने पळाले, त्यांची बायको अंजनाबाई दुसऱ्या बाजूने. सोमाजी वाचले. तेव्हापासून शेत पडीक होतं आणि ते मुलीच्या घरी होते.

"बसू दे ना," गुणवंतराव म्हणाले आणि ती गेल्यावर घाबरले. "मी त्यांच्याशी बोलू काय?"

"काई नोका बोलू," आशाबाई म्हणाल्या. "दोघंही मुके. बरं जमन तुमचं."

रात्री त्यांना आठवलं. ते उठले आणि फळीवरच्या वाकाटकांच्या तीन हत्तींवर त्यांनी आपला हातरुमाल पसरला.

सोमाजी आले ते नेमके पलीकडच्या खुर्चीवर बसले. आता गुणवंतरावांना तिकडे जाऊन बसता येईना. अलीकडून हात लांब करून ते पलीकडचे सैनिक हलवू लागले. त्यात दोनदा कोपराने आपलेच घोडेस्वार पाडले. सोमाजी पाहत होते. काही दिवस असेच गेले. मग एका दुपारी लांबवरचा सैनिक हाताला येईना, तेव्हा सोमाजींनी तो बोटाने पुढे सरकवला.

"इतका?"

"हो. बस, तिथंच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नळांच्या धनुर्धाऱ्यांकडे बोट केलं. "हे मोकळ्यावर काऊन उभे केले? पान्यापाशी झाडीत बसवा ना. पानी प्यायले सारेच येते."

गुणवंतरावांनी ते झाडीत बसवले. त्या दिवशी ते जेवताना मुगाची डाळ फार छान झाली आहे असं म्हणाले. आशाबाईंनी ताटाकडे पाहिलं. डाळ तुरीची होती.

हळूहळू पलीकडची बाजू सोमाजींची झाली. कुणी तसं ठरवलं नाही. फासा टाकायची वेळ आली की गुणवंतराव तो त्यांच्यापुढे सरकवत. वाकाटकांचं पायदळ सोमाजी असं काही मागे ओढून घेत की गुणवंतरावांना थांबून विचार करावा लागे. आणि असंच एकदा नळांचे घोडेस्वार नदी उतरून आले, वाकाटकांची रांग फुटायला आली, आणि गुणवंतराव खेळात इतके बुडाले होते की दोन्ही बाजू आपल्याच असल्याच्या जुन्या सवयीने ते म्हणाले, "आता तुमची राखीव फौज काढा," आणि त्यांनी हातरुमाल उचलला.

तीन हत्ती. तांबड्या झुली, कपाळाला शेंदूर, सोंडा वर.

सोमाजी उठले. दाराचा कडीकोयंडा त्यांना पटकन सापडेना. मग ते गेले. त्यांच्या चपला उंबऱ्याबाहेर तशाच राहिल्या.

गुणवंतराव हातात रुमाल धरून उभे होते. आशाबाई आतून आल्या, फळीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"झाकून ठेवले होते ना तुमी?"

"हो."

"मंग?"

"विसरलो."

गुणवंतरावांनी हत्ती चपट्या डब्यात कापसावर ठेवले, डबा कपाटात ठेवला, कपाट बंद केलं. मग फळीसमोर बसले. पलीकडे जाऊन चाल करावी असं त्यांच्या मनात आलं, पण त्या खुर्चीवर बसवेना.

सकाळी त्यांनी चपला कापडी पिशवीत घातल्या आणि शेजारी निघाले. काय बोलायचं ते त्यांनी रात्रीच ठरवलं होतं. माझी चूक झाली. मला भान राहिलं नाही. तुम्ही येत जा, हत्ती पुन्हा दिसणार नाहीत. साधनाच्या अंगणात ताडपत्रीवर मोहफुलं वाळत होती. सोमाजी खाटेवर बसले होते.

"चपला," गुणवंतराव म्हणाले.

सोमाजींनी पिशवी घेतली. 

"कुठी ठेवले?" सोमाजींनी विचारलं.

"डब्यात. कपाटात आहेत. आता काढणार नाही."

"थे काय डब्यात रायते, भाऊ?" सोमाजी हातातल्या पिशवीचे बंद गुंडाळत होते. "लोकं म्हनते, त्यायले राग आला होता. राग नव्हता. त्यायची वाट तिथून होती. आमचं घर वाटेत होतं." मग थोड्या वेळाने, "दुपारी येतो. हत्ती माह्याकडं देजा."

दुपारी हत्ती फळीवर होते. गुणवंतरावांनी ते सोमाजींच्या बाजूला ठेवले आणि हात मागे घेतला. सोमाजींनी त्यांना हात लावला नाही. आधी पायदळ हलवलं, मग रथ. कधीतरी, गुणवंतराव आपल्या घोडेस्वारांचं अंतर मोजत असताना, त्यांनी मधला हत्ती सोंडेला धरून न उचलता पाठीवर बोट ठेवून हळूच पुढे ढकलला.

गुणवंतराव चांगले खेळले नाहीत. त्यांचे धनुर्धारी झाडीत होते, हत्ती त्यांच्या टप्प्यात आला होता, तरी ते घोडेस्वारांशीच चाळा करत राहिले. हत्तीला बाण लागला की तो बिथरतो, आणि मग कुठे जाईल ते फासा ठरवतो, असा नियम होता. तो त्यांना आज नको होता.

"काऊन मारत नाई?" सोमाजींनी विचारलं.

"जरा लांब आहे."

सोमाजींनी मोजपट्टी उचलली, झाडीपासून हत्तीपर्यंत धरली. लांब नव्हतं.

"दया करून राह्यले का माह्यावर?"

"नाही, तसं नाही…"

"मंग खेळा ना बरोबर. असं खेळाचं असन तर मी घरी भिताड पाह्यत बसतो. थे तरी खोटं नाई बोलत."

गुणवंतरावांचे कान लाल झाले. त्यांनी फासा उचलला आणि बाण मारले. बाण लागले. मधला हत्ती बिथरला.

फासा आता सोमाजींच्या हातात होता.

"कुठी कुठी जाऊ शकते हा?"

गुणवंतरावांनी बोटाने दाखवलं. सरळ नदीकडे. उजवीकडे, आपल्याच रथांवर. किंवा मागे वळून. मागे वाडी होती. ती वाडी खेळात कशाचीच नव्हती. तिथे कुणी लपू शकत नव्हतं, ती जिंकून काही मिळत नव्हतं. एका उन्हाळ्यात हौसेने बनवून त्यांनी ती फळीवर ठेवली होती एवढंच.

"इथूनबी?"

"हो," गुणवंतराव म्हणाले. "तिथूनही."

सोमाजींनी फासा खाली ठेवला. ते उठले, फळीच्या कडेने वाडीपाशी आले आणि पहिली झोपडी दोन बोटांनी उचलली. गवताचं छप्पर निसटू नये म्हणून दुसऱ्या हाताचा तळवा तिच्याखाली धरला, आणि ती खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवली.

"लोकं निंगू द्या आधी," ते म्हणाले.

नियमपुस्तकात असं काही नव्हतं. गुणवंतरावांनी कट्ट्यावरचा चहाचा कप बाजूला सरकवून जागा केली. सोमाजी एक एक झोपडी नेत होते. घाई करत नव्हते. शेवटची उचलल्यावर तिच्यामागे एक शिशाची शेळी निघाली, गुणवंतरावांनाही आठवत नव्हती अशी. सोमाजींनी तिला मुठीत घेतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि तीही कट्ट्यावर नेली.

मग खुर्चीत बसून त्यांनी फासा टाकला.

हत्ती मागे वळला. सोमाजींनी त्याच्या पाठीवर बोट ठेवलं आणि त्याला वाडीच्या जागेवरून नेलं, अगदी सावकाश, फळीच्या काठापर्यंत. झोपड्या होत्या तिथे भुसा थोडा कमी हिरवा होता. बाकी तिथे काही नव्हतं.

"गेला," सोमाजी म्हणाले.

सोमाजी पुन्हा उठले. कट्ट्यावरच्या झोपड्या आणून त्यांनी होत्या तिथे मांडल्या. गुणवंतरावांनी सगळ्यांची दारं बघणाऱ्याकडे केली होती, दिसायला बरं म्हणून. सोमाजींनी ती फिरवली.

"दार उगोतीकडं पायजे," ते म्हणाले. शेळी त्यांनी दारापुढे उभी केली. "हं. आता तुमची पाळी, भाऊ."

गुणवंतरावांनी फळीकडे पाहिलं. वाकाटकांचा एक हत्ती कमी झाला होता, पण डावीकडचे रथ कधी इतके पुढे आले ते त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. नदी ओलांडावी की नाही? समोरच्याच्या मनात काय असेल? त्यांनी समोर पाहिलं. सोमाजी कपातला गार झालेला चहा पीत होते. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

आशाबाईंनी आतून विचारलं, "कोन जिंकून राह्यलं जी?"

"माहीत नाही," गुणवंतराव म्हणाले, आणि खुर्ची फळीजवळ ओढून घेतली.