एक दाब, एक गोळी

मी एक जुना पेंटबॉल मार्कर आहे. जुना म्हणजे वयाने नव्हे. इंदूरच्या एका हौशी माणसाला माझा कंटाळा आला, म्हणून मी देवासच्या अंकिताकडे आलो, एवढंच. मित्रांनो, लोक मला बंदूक म्हणतात, ते मला मुळीच आवडत नाही. मी रंगाची गोळी फेकतो. ती अंगावर फुटली की खेळाडू बाद होतो, हात वर करून मैदानाबाहेर जातो आणि कपडे धुतो.

माझ्या पोटात बॅटरी आहे, त्यामुळे मला पुष्कळ काही येतं. एका दाबात एक गोळी येते, एका दाबात तीन येतात, आणि खटका दाबून धरला तर नुसती झड लागते. शिवाय रॅम्पिंग म्हणून एक प्रकार आहे. त्यात खटका भराभर दाबला की पुढच्या गोळ्या मी माझ्या मनाने वाढवत जातो. पण देवासबाहेरच्या आमच्या मैदानावर पंच उमाशंकरजींचा कायदा एकच: एक दाब, एक गोळी. बाद झालेल्याला हात वर करायला सवड मिळाली पाहिजे, असं ते म्हणतात. त्याआधीच आणखी दहा बसल्या तर तो खेळ राहत नाही, मार होतो. म्हणून त्यांनी मला एकेरीवर लावलं. माझा लाल दिवा हिरवा झाला. प्रकार बदलायचं बटण झाकणाखाली असतं, त्या झाकणावर त्यांनी कागदी सील चिकटवलं. ते फाटलं तर मार्कर बाद आणि खेळाडूही वर्षभरासाठी बाद. दर सामन्याआधी ते माझं सील निरखून बघायचे.

आणि काळ्याचं? काळ्या म्हणजे मैदानावरचा भाड्याने द्यायचा मार्कर. अंगभर ओरखडे, बॅटरी नाही, दिवा नाही. एका दाबात एक गोळी, यापलीकडे त्याला काही येतच नाही. उमाशंकरजी त्याच्या गोळीचा वेग तेवढा मोजायचे आणि पाठीवर थाप मारायचे. "ये तो अपना सीधा है!" ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ज्याला लबाडी करताच येत नाही, त्याच्या सरळपणाचं एवढं कौतुक कशाला?

मला एकच समाधान होतं, अंकिताची बोटं. तिचे आजोबा, तात्या, माताजीच्या टेकडीवर भजनाला तबला वाजवतात. त्यांनी तिला लहानपणापासून हात धरून शिकवलेलं. ती माझ्या खटक्यावर दोन बोटं ठेवायची आणि आळीपाळीने अशी चालवायची, की तात्या बाहेर बसून मान डोलवत म्हणायचे, "तिरकिट स्वच्छ आली हो आज." अशी साथ फक्त मीच देऊ शकतो, असं मला वाटायचं. काळ्याकडे मी तिरक्या नजरेने बघायचो.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या मैदानावर स्पर्धा होती, तिला धारचा संघ आला. त्यांचा कप्तान शुभंकर अंकिताच्या गोळीने बाद झाला, तो बाहेर येऊन ओरडायलाच लागला. "ओ भिया, इसकी मशीन तो अपने आप चल री है! कान से सुनो ना!"

उमाशंकरजींनी मला उलटं केलं. उन्हाने डिंक सुटून सीलचा कोपरा वर आला होता. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

"सच्ची सांगते अंकल, मी त्याला हात पण नाही लावला," अंकिता म्हणाली. तिने माझा दिवा त्यांच्यापुढे धरला. "बघा ना, बत्ती हिरवीच आहे."

"बेटा, अभी हरी है. उस टाइम क्या थी, कौन जाने?"

मी जाणत होतो. हिरवीच होती. पण मला विचारतो कोण? वर्षभर अंकिता मैदानाबाहेर राहणार, आणि तेही माझ्यामुळे.

तेवढ्यात तात्या काठी टेकत आले. "उमाशंकरजी, तो तुमचा काळ्या द्या बरं हिच्या हाती. त्याला तर एकच येतं ना?"

अंकिताने डोळे पुसले, मास्क चढवला आणि नेम धरायच्या फळीसमोर उभी राहिली. काळ्याचा खटका जड. पहिल्या गोळ्या अडखळल्या. मग बोटं लागली आणि तीच तडतड सुरू झाली. अगदी तीच, मित्रांनो! माझा आवाज त्याच्या तोंडातून निघत होता.

"अरे, ये मशीन नहीं, छोरी की उँगलियाँ हैं!" उमाशंकरजी हसले. शुभंकरनेही टाळी वाजवली. मी निर्दोष ठरलो, पण माझ्याकडे कुणी बघितलं नाही. सगळे काळ्याच्या पाठीवर थापा मारत होते. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पोटात दुखलं.

मग उमाशंकरजींनी जाहीर केलं, "रोज का झगड़ा नहीं चाहिए. आज से बैटरी वाले मार्कर बंद." अंतिम सामना अंकिता काळ्याला घेऊन खेळली आणि जिंकली. मी पिशवीत होतो.

त्यानंतर मी कपाटातच. खंडेनवमीला तात्यांनी तबल्याची, स्कूटरची, शिलाई मशीनची पूजा मांडली तेव्हा कुठे मला बाहेर काढलं. शेजारी कोण असावं? काळ्या! अंकिताने त्याला मैदानावरून मुद्दाम मागून आणला होता. झेंडूचं पहिलं फूल त्यालाच. मला कुंकू लावताना तिने सवयीने खटक्यावर बोटं चालवली. काहीच वाजलं नाही. विसरलेली बॅटरी माझ्या पोटात पाझरून गेली होती. "अरे देवा," म्हणत ती कितीतरी वेळ मला फडक्याने पुसत बसली. काळ्या बघत होता. बघू दे.

मित्रांनो, एखादी वस्तू ठेवून द्यायची असेल, तर आधी तिची बॅटरी काढा, तिला पुसा, कोरड्या जागी ठेवा. आणि ज्याला पुष्कळ काही येत असूनही जो सांगितलेलं एकच करत राहतो, त्यालाही कधीतरी सरळ म्हणा. जरा मोठ्याने म्हणा, काळ्याला ऐकू जाईल असं.