ताडपत्रीखालचं माहेर

सयाजीची पहिली लाथ बसली ती चुलीवरच्या पातेल्याला. आतली तापलेली वाळू उसळली, झाकणावरचे निखारे अनुजाच्या पायाशी येऊन पडले आणि अर्धकच्च्या नानकटाया मातीत लोळल्या. दुसरी लाथ त्यानं बायकोच्या कमरेत घातली.

बायको म्हणजे आक्का, अनुजाची थोरली जाऊ. दंडाला धरून तिला त्यानं अख्ख्या वाडीदेखत शेतापर्यंत फरफटत आणलं होतं. कशावरून, तर नानकटाईवरून.

अनुजाला करोना झाला तेव्हा शाहूवाडीकडच्या त्या वाडीनं परस्पर ठरवून टाकलं, की हिनं शेतात राहायचं. नवरा ट्रक घेऊन गुजरातेत अडकलेला, मग तिच्या बाजूनं बोलणार कोण? तिनं आंब्याखाली बांबू रोवले, ताडपत्री ताणली आणि राहिली. ताप उतरला आणि, खरं सांगायचं तर, बाईला तिथं करमायला लागलं. दर उन्हाळ्यात पीठ, तूप, साखर बेकरीत नेऊन नानकटाई भाजून आणायची त्यांची रीत. यंदा बेकरी बंद, म्हणून तिनं पातेल्यात वाळू घालून घरची भट्टी केली.

आक्का रोज जेवणाचा डबा बांधावर ठेवायची आणि जायचं सोडून पलीकडंच बसायची. जुनी लुगडी इकडं फेकायची. अनुजा त्यांची वाकळ शिवायची आणि दोघी ओरडून ओरडून गप्पा मारायच्या. घरात तोंडातून शब्द न काढणारी आक्का तिथं खदाखदा हसायची. ती घरात का बोलत नाही हे अनुजाला ठाऊक होतं. मधली भिंत काही जाड नव्हती.

शेतातलं काही घरात आणायचं नाही, असं सयाजीनं बजावलं होतं. पण डबा रिकामा धाडायचा कसा? शेजारणीची वाटीसुद्धा अनुजानं कधी रिकामी परत केली नव्हती. हात धुऊन, तोंडाला फडकं बांधून तिनं डबा भरला. निम्म्या नानकटाया सयाजीनंच फस्त केल्या, वर बऱ्या झाल्यात म्हणाला. कुणी केल्या ते कळलं तेव्हा मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं. घाबरला, म्हणून दांडकं उचललं.

"मला मारायला निगालासा व्हय गं दोगी मिळून?"

"अवो, न्हाय ओ! डबा रिकामा कसा..." आक्का कळवळली.

दांडकं आक्काच्या पाठीवर बसलं, मग खांद्यावर, मग डोक्यात. रक्त भुवईवरून ओघळलं. शेजारचा पिराजी आणि वाडीतले आणखी चौघं लांबून बघत होते. एकाचाही पाय उचलला नाही. सयाजीनं पुन्हा हात वर केला.

थोरल्या दिरासमोर अनुजानं कधी मान वर केली नव्हती. त्या घडीला तिला काही आठवलं नाही, फक्त चीड आली. तिनं बांध ओलांडून दांडकं धरलेलं मनगट पकडलं आणि तोंडावरचं फडकं ओढून काढलं.

"मारा की आता! मला मारा!"

त्यानं हिसडा दिला. ती सुटेना. त्यानं डाव्या हातानं तिच्या तोंडावर ठोसा हाणला. ओठ फाटला. ती तशीच लोंबकळत राहिली आणि तोंडातलं रक्त तिनं त्याच्या तोंडावर थुंकलं.

सयाजी किंचाळला. इतका मोठा गडी, पण दांडकं टाकून सदऱ्यानं तोंड खसाखसा पुसत वाडीकडं पळत सुटला. पिराजीनं हातात धोंडा घेतला.

"तितंच थांब सयाजी! घराकडं आलास तर टकुरं फोडीन!"

त्याच्या जोडीच्यांनीही धोंडे उचलले. सयाजी शिव्या देत ओढ्याकडं वळला. शेवटी गोठ्यात राहा असं वाडीनं त्याला लांबूनच सांगितलं.

आक्का ताडपत्रीखाली येऊन बसली होती. अनुजानं तिच्या डोक्याला पदर फाडून बांधला.

"लई दुखतंय का?"

"सवय हाय."

अनुजाला रडू फुटलं. "मला आता ताप न्हाय, आक्का. नर्सबाई म्हणाल्या, येत्या सोमवारी घरी जायला मोकळी."

आक्कानं तिचा हात घट्ट धरला.

"एवड्यात बरी हू नगंस गं बाई," ती म्हणाली.