थोरल्याची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. केस कापायच्या दुकानातली. माझ्या बुडाशी एक पायपट्टी आहे. ती दाबत राहिलं की मी वर चढते, दाबून धरली की खाली येते. इतर खुर्च्यांची पट्टी उजवीकडे असते, माझी डावीकडे. माझा मालक डावरा होता, म्हणून त्याने ती मुद्दाम बदलून घेतली होती.

दुकान दोन भावांचं. थोरला माझ्यापाशी, धाकटा शेजारच्या खुर्चीपाशी. थोरल्याचं तोंड कात्रीपेक्षा जास्त चालायचं. "अरे, कान तेवढे ठेव बाबा!" असं गिऱ्हाईक म्हणायचं. रोज सकाळी तो मला पुसायचा, तेल द्यायचा. त्याची लेक चिमी आली की "विमान निघालं!" म्हणत मला वर चढवायचा आणि केस कापून झाले की "विमान उतरलं!" म्हणून खाली आणायचा.

एका दुपारी जमीन हलली. धाकटा पाणी आणायला बाहेर गेला होता. माझ्यावर एक आजोबा बसले होते, मानेला फडकं बांधून. थोरल्याने घाईघाईने मला खाली घेतलं, आजोबांना उठवलं आणि दाराबाहेर ढकललं. तो स्वतः बाहेर पडायच्या आत छत कोसळलं. शेजारच्या खुर्चीचा चुराडा झाला, माझा मात्र एक हातच मोडला. मी कशाला वाचले, असं मला अजून वाटतं.

आता शहरात कुणी छपराखाली बसायला धजत नाही. सगळा कारभार रस्त्यावर. धाकट्याने मला ढिगाऱ्यातून ओढून काढलं, तंबूंच्या रांगेपाशी आणलं आणि वर चादर टाकली. गिऱ्हाइकाला तो खोक्यावर बसवायचा आणि दिवसभर वाकून कंबर मोडून घ्यायचा. "अरे, खुर्ची आहे की!" असं कुणी म्हटलं, तर म्हणायचा, "ती दादाची आहे."

मग तंबूंत उवा झाल्या. दवाखान्याच्या बाईंनी सांगितलं, वाढलेल्या केसांच्या मुलांचे उद्या सरसकट गोटे करणार. बाबा गेल्यापासून चिमीने डोक्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. तिची आई, म्हणजे धाकट्याची वहिनी, तिला घेऊन आली, पण पोरगी खोक्यावर बसेना.

"बाबांच्या खुर्चीवर," एवढंच म्हणत राहिली.

धाकटा खोकंच पुसत राहिला.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "त्यांची एवढी एकच वस्तू उरलीय. तीही झाकूनच ठेवणार का?"

चादर निघाली. माझा एक हात नव्हता, म्हणून वहिनी बसली आणि तिने चिमीला मांडीवर घेतलं. धाकट्याने सवयीने उजवीकडे पाय टाकला. तिथे काहीच नव्हतं.

"डावीकडे, काका."

गंजलेली मी करकरत, हादरत वर चढले. पुन्हा जमीन हलली असं वाटून पाण्याच्या रांगेतली दोन माणसं दचकून पळाली. केस कापले जात होते आणि चिमी इतक्या दिवसांचं सगळं रडत होती. धाकट्याने कात्री थांबवली नाही. त्याचेही डोळे वाहत होते.

काम झालं, तरी ती उतरेना. "काका, विमान उतरव ना."

त्याने डावा पाय ठेवला आणि मला अगदी सावकाश खाली आणलं. "विमान..." एवढंच म्हणाला. पुढचं चिमीनेच म्हटलं.

मित्रांनो, माझं मागणं एवढंच आहे. गेलेल्या माणसाची वस्तू झाकून ठेवू नका. तिला पुसा, तेल द्या, तिच्याकडून काम करून घ्या. नाहीतर आम्ही दुसऱ्यांदा गाडल्या जातो.

दुसऱ्या दिवशी धाकटा मला तेल देत होता. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "पट्टी उजवीकडे बसवून घेणार का?"

"नको," तो म्हणाला. "डाव्या पायाची सवय करतोय."