दुबलगुंडीचं नववं खळं

दुबलगुंडीच्या माळावर रोख बक्षिसांच्या गोल्फची स्पर्धा दोनच वर्षं भरली, सत्त्याहत्तर आणि अठ्ठ्याहत्तर साली. त्यातली दुसरी तर अजून संपलेली नाही.

हे खूळ शिवशंकरप्पांचं. अप्पा तूरडाळीच्या गिरणीचे मालक. बंगळूरला कुणीतरी त्यांना हा खेळ दाखवला आणि ते झपाटलेच. माळावर गवताची काडी नव्हती. चेंडू भोकापर्यंत घरंगळायला गुळगुळीत जागा हवी म्हणताच गावानं कोंडाबाईचं नाव घेतलं. खळं करावं तर तिनंच! तिनं माती चोपली, शेणानं सारवली आणि दाणा टाकला तर थांबणार नाही अशी नऊ खळी उठवली.

तिनं जन्मभर दुसऱ्यांचीच खळी सारवली होती. छप्पन साली घरदार बौद्ध झालं, देव्हारा गेला, पण सुगीत पसाभर दाण्यांसाठी खळ्याच्या कडेला पदर पसरून उभं राहणं काही लगेच सुटलं नाही. आता तिला दोन एकर जमीन मिळाली होती. पहिली ज्वारी तिला स्वतःच्या खळ्यावर मळायची होती, आणि अप्पांनी शब्द दिला होता की दुसरी स्पर्धा संपली की नववं खळं तुझं.

पहिल्या वर्षी खेळाडू खिळ्यांचे बूट घालून खळ्यात शिरले, तेव्हा ती आडवी आली होती.

"बूट काढा."

"कामून?" अप्पा खेकसले. "जगाचा नियम हाय त्यो!"

"असंल. उकरलेलं खळं मग जग सारवायलंय का?"

बूट निघाले. तेव्हापासून देशातले नामांकित खेळाडू तिथं अनवाणीच खेळले.

दुसऱ्या वर्षी हैदराबादचा बाबूलाल आणि बेळगावचा उद्धवराव बरोबरीत आले. मग ठरलं की एकजण चुकेपर्यंत दोघांनी नवव्या खळ्यावर खेळायचं. पण खळं असं बिनखोट की आत आलेल्या चेंडूला नुसतं ढकललं की तो भोकातच. सोमवार गेला, मंगळवार गेला. बाईचं कसब बाईच्याच मुळावर उठलं.

बुधवारी आभाळ भरून आलं. कापलेली ज्वारी उघड्यावर होती, भिजली तर काळी पडणार.

"अप्पा, कवा संपायलंय हे?"

"कुणीतरी चुकलं की."

"आन् न्हाई चुकलं तर?"

अप्पा नियमांचं पुस्तक चाळायला लागले.

कोंडाबाई तडक शेतात गेली आणि नवऱ्याला, नरसिंगला, गाडीबैलांसकट घेऊन आली. खळ्याच्या मधोमध भोक कशासाठी असतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. झेंडा उपटून तिनं तिथं बैल बांधायचा तिवडा रोवला, कणसं ओतली आणि मळणी धरली.

"अगं, दोघांचे चेंडू आत हायत!" अप्पा किंचाळले. "पडला तिथूनच मारायचा असतोय!"

"मग थांबा की."

ते थांबले. आभाळ हुलकावणी देऊन गेलं. गुरुवारी सांजेला वारं सुटलं, उफणणी झाली, पांढरीशुभ्र रास पडली, चेंडू तिच्याखालीच राहिले. कडेला अप्पा, बाबूलाल आणि उद्धवराव अनवाणी उभे होते. आत पाऊल टाकायची कुणाची छाती नव्हती.

कोंडाबाईनं वर पाहिलं. त्या कडेवरून रास कशी दिसते, हे तिला पाठ होतं. तिला वाटलं होतं आपल्याला हसू येईल, पण भरून आलं. तिनं सूप भरून घेतलं.

"खळ्यावरनं कुणाला रिकामं धाडायचं नसतंय. पसरा."

बाबूलालनं टोपी पुढं केली, उद्धवरावनं रुमाल. अप्पा बराच वेळ घुटमळले. मग त्यांनीही उपरणं पसरलं.